प्लास्टिकचा बगळा

पहिला मासा गेला तेव्हा मी मांजरावर आळ घेतला.
दुसरा गेला तेव्हाही.
तिसऱ्या पहाटे दात घासता घासता
खिडकीतून दिसला तो, तळ्याच्या कडेला,
वाळत घातलेल्या चादरीशेजारी,
चादरीहून गप्प.

बोल्सवार्डच्या बाजारातून मी प्लास्टिकचा बगळा आणला.
एक उभा असला की दुसरा फिरकत नाही, दुकानदार म्हणाला,
त्यांच्यात तशी रीत आहे.
चिखलात रोवला मी तो, घट्ट, एका पायावर.
दुसऱ्या दिवशी तिथे दोन होते.
खोटा कुठला, हे ठरवेस्तोवर
कॉफी निवली.
मग दोघांतल्या एकाने पापणी लववली
आणि चौथा मासा नेला.

कुंपणापलीकडे येल्त्या हसली.
चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं तिने;
आता चर्चमागच्या झाडांवर बगळ्यांची घरटी मोजते.
"चोर म्हण हवं तर, पण बघ तरी नीट.
आपल्याकडे कोण चोरी करतं
ते माणसाला ठाऊक असावं."

तर, मान आखडून उडतो तो बगळा,
मान पुढे ताणतो तो करकोचा.
मधल्या बोटाच्या नखाला दाते असतात, फणीचे.
छातीवरची काही पिसं झिजत झिजत भुकटी होतात,
ईल माशाचा चिकटा तो त्या भुकटीत मुरवतो
आणि विंचरून काढतो.
"पावडर लावणारा चोर," मी म्हणालो.
"तुझ्याहून टापटीप," येल्त्या म्हणाली.

आमच्या भाषेत त्याला निळा म्हणतात.
साठ वर्षं मीही म्हणत आलो निळा बगळा,
आणि एकदाही विचारलं नाही, निळं कुठे आहे.
तिच्या दुर्बिणीतून पाहिलं: राख.
रात्री विझलेल्या शेगडीत सकाळी सापडते तशी,
डोळ्यावरून मागे गेलेली काजळाची एक रेघ,
बाकी सगळी राख.
एप्रिलमध्ये झाडाखाली, शिटांनी पांढऱ्या पडलेल्या पाल्यातून
तिने अंड्याचं अर्धं कवच उचलून माझ्या हातावर ठेवलं.
निळं. थोडं हिरव्याकडे झुकलेलं.
वर पिल्लं टकटक टकटक करत होती.
मी आ वासून वर पाहिलं
आणि शिकलो, की बघताना तोंड मिटावं.

लोक त्याला ध्यान म्हणतात.
मी शेवटी वेळ लावून पाहिलं:
बावीस मिनिटं, मग झडप, मग चोचीत
पाण्याखेरीज काही नाही.
तो अंग झटकून दोन पावलं पुढे सरकला.
पाणी मासा दाखवतं तिथे मासा नसतो, जरा खाली असतो;
हा हिशेब त्याच्या मानेत आहे, तरीही चुकतो.
पहिल्या वर्षीची पोरं तर फारच चुकतात.
मला ते बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

फेब्रुवारीत कालवे गोठले.
सगळं गाव स्केट बांधून बाहेर; नीन्केचा धाकटा
पडत होता, उठत होता, गालांची टोमॅटो करून.
बर्फाच्या काठी बगळे खांदे वर काढून उभे,
कुणी रस्त्यावर विसरलेल्या छत्र्यांसारखे.
येल्त्याच्या वहीत मागच्या एका थंडीपुढे लिहिलं होतं:
एकशे बारा घरटी. पुढच्या वर्षी एकसष्ट.
शेरा नाही. नुसते आकडे.

मी रोज सकाळी कुऱ्हाडीने तळ्यात भोक पाडू लागलो.
माशांना हवा हवी म्हणून, मी तिला सांगितलं.
ती काही बोलली नाही.
तीन मासे उरले होते; किती राहिले ते मी मोजलं नाही.
बर्फ पडला की दोघे लांबूनही ओळखू येत:
एकाच्या डोक्यावर तो साचून राही.

मार्चअखेर आम्ही मोजायला गेलो.
"अठ्ठावन्न," येल्त्या म्हणाली.
माझी एकोणसाठ झाली होती.
"पुन्हा मोज," ती म्हणाली.
मी मान वर केली.
तोंड मिटलेलं.